दूध ओतलेलं नाव

मेलेल्या माणसाला नाव बदलून मिळत नाही, हे तेन्मोळीला पासपोर्टच्या कचेरीत काचेपलीकडच्या मॅडमनी सांगितलं. आणि तेही काय गोड आवाजात!

"तुमच्या फाइलीवर पोलिसांचा शेरा आलाय," मॅडम म्हणाल्या. "अर्जदार मयत."

"कोण मयत?"

"अर्जदार."

"मॅडम, अर्जदार मी आहे."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. पिवळी सुती साडी, केसांत अबोली, घामानं पसरलेलं कुंकू, कागदांनी फुगलेली पिशवी. मग त्यांनी समोरच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावर जुन्या पासपोर्टवरचा मिशीवाला मुत्तुपांडी होता. या दोघांतलं खरं कोण, हे ठरवण्याचा पगार त्यांना मिळत नव्हता.

"शेजाऱ्यांचा जबाब आहे हो. मी काय करणार?"

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे! चिमटा काढून बघा हवं तर."

"चिमटा काढून चालत नाही. पोलिसांकडून नवा अहवाल आला पाहिजे. ठाण्यात जाऊन भेटा. पुढचे कोण आहेत, या."

तेन्मोळी म्हणजे जिची बोली मधासारखी, ती. हे नाव तिनं स्वतः निवडलं होतं, आणि त्यावरून मेट्टुतेरूतले लोक तिला अजून चिडवायचे, कारण त्या गल्लीत तिच्याइतकी तिखट जीभ दुसऱ्या कुणाची नव्हती. पण त्या दिवशी ती जीभ टाळ्याला चिकटली. मागच्या रांगेतल्या माणसानं कोपरानं ढकललं तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

असे किती धक्के खायचे माणसानं? आधी नाव बदलल्याची जाहिरात छापून आणा म्हणाले, आणली. मग सरकारी राजपत्र आणा म्हणाले, त्यासाठी चेन्नैला जाऊन आली. तृतीयपंथी असल्याचं कार्ड दाखवा, दाखवलं. आधारवर नवं नाव आहे, बँकेत नवं नाव आहे, मग पासपोर्टवर जुनं कसं, असंही एकानं विचारलं होतं. अरे बाबा, तेच बदलायला आले ना मी! स्त्री म्हणून अर्ज केलाय तर तसा कागद कुठाय, कागद दिला तर त्यावर शिक्का कुठाय, शिक्का आणला तर तो नीट उमटलेला नाही. चपला झिजल्या. आणि एवढं सगळं पार पाडून शेवटी कळलं काय, तर आपण मेलोय.

बसमध्ये तिला जागा मिळाली तरी ती बसली नाही. बसली असती तर रडली असती, आणि तिला रडायचं नव्हतं, कुणाचातरी गळा धरायचा होता.

मदुरैतल्या बाकीच्या गल्ल्या झोपेतून उठायच्या आत मेट्टुतेरूत तेन्मोळीच्या इडिअप्पमची, तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांची, वाफ सुटलेली असे. लग्नाच्या हंगामात ती आचारी म्हणून गावोगाव जाई. पोलीस चौकशीला आला त्या दिवशीही ती दिंडुक्कलला एका लग्नात होती, आणि भट्टीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून तिनं तो पिशवीत टाकून दिला होता. तेवढ्यात गल्लीनं तिचा निकाल लावला.

ती कोपऱ्यावरच्या कादरच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिली आणि तिथूनच ओरडली.

"मला कुणी मारलं?"

कादरनं उकळत्या चहाकडे असं लक्ष घातलं, जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच चहा बघतोय.

"कादर अण्णा! तुम्हाला विचारतेय मी. पोलिसांना काय सांगितलंत?"

"मी काहीच नाही सांगितलं, देवाशप्पथ. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला, नाव विचारलं. मी म्हटलं, या नावाचा माणूस इथे नाही. बस्स."

"आणि मेला असं कोण म्हणालं?"

कादरची नजर समोरच्या ओट्यावर गेली. ओट्यावर पेच्चियम्माळ पाट्टी बसली होती. सगळ्या गल्लीची आजी. कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबलेल्या, तोंडात विडा, मांडीवर सुपात तांदूळ.

"मी म्हणाले," पाट्टी म्हणाली. खडा वेचून बाजूला टाकला. "मग? खोटं आहे का?"

आता हे ऐकून माणसानं हसावं की कपाळ बडवावं? कारण पाट्टीच्या हिशोबानं त्यात खोटं काही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर चाळिसाव्या दिवशी तेन्मोळीचं दूध ओतलं होतं. तृतीयपंथीयांच्या जमातीची ही रीत. जमातीतल्या तिच्या गुरूनं, थोरल्या अम्मानं, तिला हळद लावून न्हाऊ घातलं, नवी साडी नेसवली, डोक्यावर दुधाचा घडा दिला, आणि वैगै नदीवर नेऊन ते दूध पाण्यात सोडलं. दूध वाहून गेलं की जुना जन्म संपला, जुनं नाव संपलं. एरवी या सोहळ्याला जमातीबाहेरचं कुणी येत नाही. पण मेट्टुतेरू आख्खीच्या आख्खी आली होती. घडा भरायला दूधसुद्धा पाट्टीच्याच म्हशीचं. आणि तिथं अम्मानं सगळ्यांना घड्यावर हात ठेवायला लावून मारिअम्मन देवीची शपथ घातली होती, की जुनं नाव पुन्हा या गल्लीत कुणाच्या तोंडी येणार नाही.

लोकांनी ती शपथ जिवापाड पाळली. इतकी, की तिचा पूर्वीचा मालक एकदा जुन्या नावानं हाका मारत आला तर कादरनं त्याच्या अंगावर पातेलं रिकामं केलं. तेन्मोळीला याचा कोण अभिमान! आपल्यासाठी एक गल्ली एक शब्द विसरली, असं ती सगळ्या जमातीत सांगत फिरायची.

"पाट्टी, अहो पोलीस होता तो! सरकारी माणूस!"

"म्हणूनच म्हणाले. पोलीस मिशीवाला फोटो घेऊन तुझ्या दारात आला तो कधी चांगल्यासाठी आलाय? मागं दोनदा आले होते तेव्हा तुला ओढत नेलं होतं, विसरलीस? मी म्हटलं, मेला तो. दूधसुद्धा ओतून झालं. तो बिचारा लगेच टोपी काढून उभा राहिला आणि गेला."

टोपी काढणारच. त्या मुलखात माणूस गेला की दुसऱ्या दिवशी चितेच्या राखेवर दूध ओततात. पाट्टीनं दूध ओतल्याचं सांगितल्यावर हवालदार आणखी काय विचारणार होता?

"मग आता ठाण्यात चला आणि सांगा, तो जिवंत आहे म्हणून."

पाट्टीचा हात सुपातच थांबला. "हे नाही जमायचं."

"का नाही जमायचं?"

"मारिअम्मनसमोर हात ठेवलाय मी. ते नाव तोंडातून काढणार नाही. आणि ओतलेलं दूध परत घड्यात भरायला सांगतेस होय? तूच तेव्हा काय रडली होतीस. म्हणालीस, पाट्टी, सुटले."

"अहो पण पोन्नीच्या बांगड्या!"

पोन्नीच्या बांगड्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं.

पोन्नी ही तेन्मोळीची सख्खी धाकटी बहीण. आई लवकर गेली, बापानं दुसरा घरोबा केला. मुत्तुपांडी मलेशियात इपोच्या बाजूला ताडाच्या मळ्यात राबायला गेला, तिथून पैसे पाठवून त्यानं पोन्नीला शिकवलं, आणि ज्या खानावळीत जेवायचा त्या खानावळवाल्या बाईच्या मुलाशी तिचं लग्न जुळवलं. ते पार पडल्यावरच तो परत आला आणि तेन्मोळी झाला. तेव्हापासून बहिणींची गाठ फक्त फोनवर. आता पोन्नीला आठवा संपत आला होता. पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी, आपल्या डोहाळजेवणासारख्या सोहळ्यात, तिला बांगड्या भरायच्या होत्या, आणि पहिली बांगडी माहेरच्या बाईनं चढवायची असते.

पोन्नीनं सासूला ठणकावून सांगितलं होतं, "माझी अक्का येणार आहे." सासू म्हणाली होती, तुला तर भाऊ होता ना. पोन्नी म्हणाली, "होता. आता अक्का आहे. ती आल्याशिवाय मी हात पुढे करणार नाही."

लोक आपल्या पोराबाळांना आशीर्वाद द्यायला तेन्मोळीला बोलवत, नाही असं नाही. दारात उभी करत, डोक्यावर हात ठेवून घेत, निरोप देत. पण घरात आणून, पाटावर बसवून, आमची माहेरची बाई म्हणून पुढं करणारं तिला अख्ख्या जगात एकच माणूस होतं. त्या माणसाच्या हातात बांगडी घालायला पासपोर्ट लागत होता, आणि पासपोर्टच्या आड तिच्यावर जीव टाकणारीच सगळी माणसं बसली होती. दुष्मन असते तर शिव्या तरी मोकळ्या मनानं देता आल्या असत्या!

ठाण्यात हवालदार एळुमलै भेटला. मोठ्या पोटाचा, थकलेला माणूस. तिला बघून आधी दचकला, मग वैतागला.

"बाई, मी काय घरी बसून लिहिलं का? तुमच्याच म्हातारीनं सांगितलं. मी तर हळहळलो. आता मी परत येतो, नाही म्हणत नाही. पण जिनं मयत म्हटलं तिनंच जिवंत म्हटलं पाहिजे. नाहीतर वरचे विचारतील, एळुमलै, तू पिऊन चौकशी करतोस का?"

तेन्मोळीनं पाट्टीच्या पाया पडून बघितलं, भांडून बघितलं, दोन दिवस अबोला धरून बघितलं. पाट्टी ढिम्म. तिसऱ्या दिवशी ती ज्याच्यामार्फत अर्ज भरला होता त्या एजंटकडे गेली. एजंट पंख्याखाली वडा खात होता.

"एवढा आटापिटा कशाला?" तो म्हणाला. "जुना पासपोर्ट अजून चालू आहे. अर्ज मागे घ्या. केस कापा, शर्ट-पँट चढवा, आणि आठ दिवस मुत्तुपांडी होऊन जाऊन या. आल्यावर व्हा परत तुम्हाला काय व्हायचंय ते."

तिनं त्याला असं काही सुनावलं की त्याच्या हातातला वडा खाली पडला. पण घरी येताना तेच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. आठ दिवस. केस काय, परत वाढतील.

तिनं पोन्नीला फोन लावला. "हे बघ, कागदाचं काही जमत नाहीये. मी येते, पण अण्णा होऊन येते. चालेल ना?"

पोन्नी हळूच म्हणाली, "ये ना अक्का. कशीही ये. पण मग तुला बाहेर पुरुषांच्यात बसावं लागेल. आत नाही घेणार तुला कुणी."

"बसेन की. त्यात काय!" तेन्मोळी म्हणाली, आणि फोन ठेवून भिंतीला टेकून बसली. तिला इतका संताप आला होता की तो कुणावर काढावा हेच कळेना. पासपोर्टवाल्या मॅडम काय चुकीचं बोलल्या? हवालदारानं काय वाईट केलं? पाट्टीनं तर तिला वाचवलंच होतं, स्वतःच्या समजुतीप्रमाणे. सगळेच बरोबर, आणि मी तेवढी मेलेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती करुप्पय्याच्या सलूनमध्ये जाऊन बसली. जुना पासपोर्ट उघडून आरशाला टेकवून ठेवला.

"असे काप," ती म्हणाली.

करुप्पय्यानं फोटो बघितला आणि पटकन नजर फिरवली, कारण तोही घड्यावर हात ठेवलेल्यांतलाच. तिची वेणी कमरेपर्यंत होती. त्यानं ती सोडली, विंचरली, परत विंचरली, कात्री पुसली, परत पुसली.

"अरे, काप की! मुहूर्त बघतोस का?"

करुप्पय्या कात्री घेऊनच दाराशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून बोंबलला, "पाट्टी! ओ पाट्टी! लवकर या!"

पाट्टीला चार पावलं टाकली तरी धाप लागायची. पण ती आली, पदर सावरत, तोंडातला विडा थुंकून. मागून कादर आला, मागून सगळी गल्ली.

"कुणाचं डोकं भादरतोयस रे मेल्या?" पाट्टी करुप्पय्यावर खेकसली. मग तिनं आरशात तेन्मोळीचा चेहरा बघितला. शेजारी तो फोटो बघितला. "पोरी, हे काय गं?"

"तुम्हीच मारलंत ना त्याला? मग त्याच्या जागी मलाच उठून बसायला हवं. कुणीतरी जायला तर पाहिजे पोन्नीकडे." तेन्मोळीचा आवाज फाटला. "तुमची शपथ तुम्ही सांभाळा, पाट्टी. तुमची मारिअम्मन खूश राहू दे. मी जाते आणि बसते पुरुषांच्यात."

पाट्टी मटकन बाकावर बसली. थोडा वेळ नुसती हातानं वारा घेत राहिली. मग कादरला म्हणाली, "त्या ढेरपोट्या पोलिसाला फोन लाव. म्हणावं, म्हातारी बोलायला तयार आहे."

एळुमलै दुपारी आला. ओट्यावर त्याला खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं सरकारी मोबाईल काढला, चष्मा लावला.

"हं, आजी. मुत्तुपांडी. जिवंत की मयत? एकच काय ते सांगा. इथं दोनच चौकटी आहेत."

"तिसरी नाही?"

"नाही हो."

पाट्टीनं ओठ आवळले. "सार, मी खोटं बोलले नव्हते. त्याचं दूध मी स्वतः दिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर वाहून गेलं."

"म्हणजे मयत?"

"अहो, नाही हो!" कादर मध्ये पडला.

"तुम्ही गप्प बसा. आजी, जिवंत?"

पाट्टीनं तेन्मोळीकडे बघितलं. "हिचा होता तो. आम्ही फक्त हिच्यासाठी त्याला पुरला. परत वर काढायचा तर हिनं आधी म्हटलं पाहिजे. ही म्हणाली तर मी म्हणेन, मग मारिअम्मन मला काय करायचं ते करू दे."

सगळी गल्ली तिच्याकडे बघू लागली. तेन्मोळीला वाटलं होतं, हे काम दुसरेच कुणी करतील आणि आपण कान झाकून बाजूला उभं राहू. नऊ वर्षं तिनं त्या माणसाचा राग राग केला होता. त्याची मिशी, त्याचा आवाज, त्याचे ते राठ हात. पण त्याच हातांनी ताडाचे घड उचलले होते. त्याच हातांनी पोन्नीचं कन्यादान केलं होतं. हिनं त्याला कधी धड निरोपही दिला नव्हता, नुसतं हाकलून दिलं होतं. पहिल्यांदाच तिला त्याची कीव आली, आणि त्या किवेचाही राग आला.

"लिहा, सार," ती म्हणाली. तिनं नाव पुरं उच्चारलं. "मुत्तुपांडी जिवंत आहे. तो मीच."

"आजी?"

"मुत्तुपांडी जिवंत आहे," पाट्टी म्हणाली. "तो हीच."

मग कादर म्हणाला. करुप्पय्या म्हणाला, खाली मान घालून. एळुमलैला खरं तर दोघांचेच जबाब पुरे होते, पण गल्ली थांबेना. जो तो पुढं यायचा, नाव घ्यायचा आणि तेन्मोळीकडे न बघता मागं सरायचा. ती मात्र प्रत्येकाकडे बघत उभी राहिली. प्रत्येक वेळी कुणीतरी थोबाडीत मारावी तसं होत होतं, आणि गालावरून पाणी वाहत होतं, तेही तिनं पुसलं नाही.

एळुमलैनं तिचा फोटो काढला, अबोलीसकट. अंगठ्यानं दोनदा मोबाईल दाबला. "गेला अहवाल," तो म्हणाला. "आता आठवड्यात पासपोर्ट हातात पडेल. शुक्रवार कधीचा म्हणालात? मग पोचाल." जाताना त्यानं टोपी घालायची की काढायची या विचारात ती काखेतच धरली.

तेन्मोळीनं पोन्नीला फोन लावला. "येतेय," एवढंच म्हणाली. "साडीच नेसून येतेय." पलीकडे पोन्नी रडायला लागली, तेव्हा हिनं तिला झापलं, की या दिवसांत असं रडू नये.

तिकडे पाट्टी नळाखाली जाऊन बसली होती आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतून घेत होती.

"पाट्टी, हे काय? कोण गेलं?" कादरनं विचारलं.

"कुणी नाही गेलं अजून." पाट्टीनं तोंडावरचं पाणी निपटलं. "म्हशीचं उद्यापासूनचं दूध कुणाला विकू नका. पासपोर्ट आला की परत घडा भरायचा, परत नदीवर जायचं." मग तेन्मोळीकडे बघून म्हणाली, "तोवर जगू दे मेल्याला."